स्पष्टतेची खोली

हल्ली कोणाही तरुणाने काढलेले छायाचित्र हाती घ्यावे, तर चेहरा तेवढा रेखीव आणि मागचे सारे जग धुक्यात बुडालेले. ते बाप्तिस्म्याचे असो, लग्नाचे असो, की सहज अंगणात उभे राहून काढलेले असो. या धुक्यास छायाचित्रकारांच्या मंडळीत 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे व त्याचा अर्थ धूसरपणा असा आहे. आमच्या पुतण्याने तो घरात प्रथम उच्चारला, "काका, मागं किती छान बोके आलेत बघा," तेव्हा आतून कोणीतरी दुधावर झाकण ठेवावयास धावल्याचा आवाज आम्ही स्वतः ऐकला आहे.

धूसरपणाशी आमचे वैर नाही. गर्दीच्या बाजारातील एखादा चेहरा वेगळा काढून दाखवावयाचा तर त्याच्यासारखा मदतनीस नाही. परंतु धुके कोठे सुरू व्हावे आणि कोठे संपावे हे ठरविणारा कोण, छायाचित्र काढणारा की त्याचे यंत्र, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचे उत्तर ज्या एका गोष्टीत आहे तिला इंग्रजीत 'डेप्थ ऑफ फील्ड' असे नाव आहे. मराठीत तिच्यासाठी आम्ही 'स्पष्टतेची खोली' असे म्हणतो. आपली भाषा येथे मोठी उपयोगी पडते. विहिरीची खोली आणि घरातली खोली हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात आहेत, आणि दोन्ही येथे लागू पडतात. कॅमेऱ्यापुढे एक अदृश्य खोली आहे अशी कल्पना करावी. तिला एक अलीकडची भिंत आहे, एक पलीकडची. या दोन भिंतींच्या आत जे सापडले ते स्पष्ट, बाहेर राहिले ते धूसर. सारी विद्या या दोन भिंती पुढेमागे सरकविण्याची.

मात्र आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न समजल्यामुळे पुष्कळ हौशी माणसे आयुष्यभर चाचपडत राहतात. या भिंती खऱ्या नाहीत. भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू खऱ्या अर्थाने स्पष्ट दाखविते. त्या अंतराच्या बोटभर अलीकडचे वा पलीकडचे जे काही असेल ते शास्त्रदृष्ट्या थोडे तरी धूसरच. मग चित्रात दहा-दहा मीटर स्पष्ट दिसतात ते कसे? दिसतात, कारण आपला डोळा पुष्कळ काही चालवून घेतो. तो जेथवर चालवून घेतो तेथवर ती खोली.

हे कसे घडते ते पाहू. समोरच्या वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सबंध तोंडावर पसरून आत येतो आणि मागे पुन्हा एका टोकास जमतो. आकार नरसाळ्यासारखा: रुंद तोंड भिंगाशी, टोक फिल्मशी. नेमक्या अंतरावरील वस्तूचे टोक बरोबर फिल्मवर टेकते आणि तेथे बिंदूचा बिंदूच उमटतो. जवळच्या वस्तूचे टोक फिल्मच्या मागे पडू पाहते, दूरच्या वस्तूचे पुढेच पडून जाते. दोन्ही वेळी फिल्म त्या नरसाळ्यास मध्येच छेदते आणि बिंदूऐवजी लहानशी चकती उमटते. अशा हजारो चकत्या एकमेकींवर पडल्या की त्यालाच आपण धूसरपणा म्हणतो. आता भिंगाचे छिद्र लहान केले तर नरसाळेच सडपातळ होते, आणि त्यास कोठेही छेदले तरी चकती बारीकच राहते. छिद्र लहान केले की खोली मोठी का होते, याचे कारण एवढेच.

चष्मा लावणाऱ्या वाचकांनी याचा पडताळा घरीच घ्यावा. जाड कागदाच्या तुकड्यास टाचणीने छिद्र पाडावे, चष्मा काढून ठेवावा, आणि भरपूर उजेडात तो कागद डोळ्याशी धरून छिद्रातून हेच पान पाहावे. अक्षरे जरा काळोखी दिसतील, पण वाचता येतील. वृद्ध माणसे दूरचा माणूस ओळखताना डोळे बारीक करतात तेही याच नियमाने. त्यांना तो कोणी शिकविलेला नसतो.

चकती किती बारीक असली म्हणजे डोळा तिला बिंदू मानतो? हातातले चित्र आपण सुमारे २५ सेंटिमीटर अंतरावरून पाहतो. त्या अंतरावरून पाव मिलिमीटरच्या आतील ठिपका सामान्य डोळ्यास बिंदूच वाटतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे. ते ८ बाय १० इंचांच्या कागदावर आणावयाचे म्हणजे सुमारे आठपट मोठे करावयाचे. तेव्हा मूळ फिल्मवर पाव मिलिमीटरचा आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.०३ मिलिमीटर, एवढी चकती चालेल. इंग्रजीत या चकतीस 'सर्कल ऑफ कन्फ्यूजन' म्हणतात, संभ्रमवर्तुळ म्हणावे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या कोष्टकांतील सारी अंतरे या आकड्यावर उभी असतात. पण त्या कोष्टकात हे लिहिलेले नसते की तेच चित्र दुप्पट मोठे करून तितक्याच जवळून पाहिले, तर चालणारी चकती निम्मी होते आणि खोलीच्या दोन्ही भिंती आत सरकतात. चित्र तेच, भिंग तेच, आणि खोली मात्र लहान झालेली! म्हणून चित्र काढण्यापूर्वी ते कोण, किती मोठे करून, कोठून पाहणार हे विचारले पाहिजे. आम्ही ते विचारतो. लोक हसतात.

आता आकड्यांकडे वळू. भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, हा झाला एफ-आकडा. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ/२ वर २५ मिलिमीटर रुंद असते, एफ/१६ वर जेमतेम ३ मिलिमीटर. तीन मीटरवरील माणसावर नेम धरला तर एफ/२ वर खोली सुमारे २.८ मीटरपासून ३.२ मीटरपर्यंत, म्हणजे दोन विती. एफ/१६ वर तीच १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत पसरते. एवढा लाभ फुकट मिळत नाही. एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो, तेव्हा शेवटी तो चौसष्टावा हिस्सा उरतो. जे चित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागात निघाले असते त्यास आठवा भाग लागतो, आणि तेवढ्यात मूल हलते, फांदी हलते, हातही हलतो. छिद्र फारच लहान केले तर आणखी एक पीडा उद्भवते: प्रकाश छिद्राच्या कडेशी वळून पसरतो आणि सारेच चित्र सारखे मऊ पडते. तेव्हा हावेलाही मर्यादा आहे.

लग्नाच्या काळोख्या हॉलमध्ये छायाचित्रकार छिद्र पूर्ण उघडतो तेव्हा काय होते, हे या हिशेबावरून कळावे. चार मीटरवरील वधूवरांवर नेम धरून एफ/२ वर चित्र घेतले तर साडेचार मीटरच्या आतच पलीकडची भिंत येते. तिसरी रांग तिच्याबाहेर उभी. तिसऱ्या रांगेत कोण असते हे वाचकांस सांगावयास नको. आहेर देणारे पुढे बसतात. मागे उभे असतात ते गावाकडून आलेले चुलते, रात्रभर स्वयंपाकाकडे पाहणाऱ्या बायका, आणि ज्यांचे दुसरे छायाचित्र आयुष्यात कधी निघणारच नाही अशी माणसे. एफ/८ वर दुसऱ्या रांगेवर नेम धरला आणि दिव्याची सोय केली तर तिन्ही रांगा त्या खोलीत मावतात. या कामी 'एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे' असा एक मंत्र स्टुडिओंतून शिकविला जात असे. तो एका ठराविक अंतरावरच खरा ठरतो. जवळच्या वस्तूंना खोली दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखीच मिळते, आणि दूरच्या वस्तूंना मागील बाजूस कितीतरी अधिक.

बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा पुष्कळ घरांतून असे. त्यास अंतर जुळविण्याची सोयच नव्हती. भिंग साधे, छिद्र लहान, आणि अंतर कारखान्यातच असे बांधून टाकलेले की काही फुटांपलीकडचे सारे चालण्याजोगे स्पष्ट यावे. त्या चित्रांत खऱ्या अर्थाने रेखीव असे थोडेच असे, परंतु मागचा कठडा, दोरीवरचे कपडे, कुंपणावरून डोकावणारा शेजारी, सारे कोणीही न मागता येऊन बसत असे. आज ती जुनी चित्रे आपण पाहतो ती पुष्कळदा त्या कठड्यासाठीच.

इंदूर व हैदराबाद येथील आमच्या वाचकांस लाला दीनदयाळ हे नाव परके नसावे. १८४४ साली जन्मलेले हे गृहस्थ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीवर आले. छायाचित्रणाकडे ते वळले ते तेथेच, १८७४ च्या सुमारास. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार नेमले. १९०५ साली ते वारले. त्यांनी काढलेली मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे पाहताना नकाशे काढणाऱ्याची नजर लपत नाही, असे आमचे मत आहे: पुढच्या फरसबंदीपासून मागच्या शिखरापर्यंत माप घेता यावे अशी ती स्पष्ट आहेत. त्या काळच्या मोठ्या काचेच्या प्लेटांना लांब नाभीय अंतराची भिंगे लागत, आणि अशा भिंगांची खोली मुळातच उथळ; म्हणून छिद्र अतिशय लहान करावे लागे व पुढे उभ्या केलेल्या माणसांना श्वास धरून थांबावे लागे. पण एक सवलत होती. प्लेटच कागदावर ठेवून छाप घेतला की चित्र प्लेटएवढेच येई, मोठे करण्याचा प्रश्नच नसे, त्यामुळे चकती जरा मोठी असली तरी खपून जाई.

चित्रपटांत या खोलीचा सर्वांत धाडसी उपयोग १९४१ सालच्या 'सिटिझन केन' मध्ये झाला असे मानतात. छायालेखक होते ग्रेग टोलंड. त्यात एका खोपटात आई मुलास दुसऱ्याच्या स्वाधीन करणाऱ्या कागदावर सही करीत आहे, आणि मागील खिडकीतून तोच मुलगा दूर बर्फात खेळताना दिसत आहे. आईचा चेहराही स्पष्ट, मुलगाही स्पष्ट. मुलास धूसर केले असते तर प्रेक्षकाने कोणाकडे पाहावे हे छायालेखकाने ठरविल्यासारखे झाले असते; येथे ते प्रेक्षकावर सोडले आहे. मात्र त्याच चित्रपटातील एक प्रसिद्ध दृश्य, पुढे पेला व औषधाची बाटली आणि मागे दार फोडून आत येणारा नायक, हे एका वेळी घेतलेलेच नाही. एवढी खोली कोणतेही भिंग देईना, म्हणून एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून ते साधले. यात फसवणूक झाली असे आम्हांस वाटत नाही. जे दोन्ही हवे होते ते दोन्ही त्यांनी ठेवले.

हे सारे शास्त्र आम्हांला खरोखर उपयोगी पडले ते २०२३ च्या मार्चमध्ये. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या वाटेवरील एका गावी आमच्या मावशींचे माहेरचे घर होते. मंगळुरी कौलांचे, लाकडी गजांच्या खिडक्यांचे, आणि दारावर चुन्यात उठविलेला १९३१ हा सन असलेले. वाटण्या झाल्या, घर विकले गेले, आणि पावसाळ्यापूर्वी ते पाडावयाचे ठरले. यात कोणाचा दोष नव्हता. पाच भावंडांच्या अकरा वारसांनी एका घराचे दुसरे काय करावे? मावशींचे वय तेव्हा ८४. त्यांनी कशासही हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाल्या की घर आणि मी असा एक फोटो काढा, आणि चांगला मोठा करून द्या.

नातवाने तत्काळ फोनवर चित्र घेतले आणि त्यांच्यापुढे धरले. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मागं हे धुकं कसलं रे सोडलंस?"

येथे एक चमत्कार सांगण्याजोगा आहे. फोनच्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर सामान्यतः सहा-सात मिलिमीटर असते. त्याचे छिद्र एफ/१.८ असे ऐटीत लिहिलेले असले तरी व्यासाने ते साडेतीन मिलिमीटरच भरते, म्हणजे आमच्या मोठ्या भिंगाच्या एफ/१६ वरील छिद्राएवढेच. अशा भिंगास मागचे घर धूसर करता येतच नाही. त्याने घर पाहिले होते, कौलांसह पाहिले होते. नंतर फोनमधील गणिताने माणूस कोठे संपतो याचा अंदाज बांधून उरलेले सारे पुसून काढले. २०१६ पासून ही सोय फोनांत रूढ होत गेली. ती बंदही करता येते, आणि नातवाने ती बंद करून दुसरे चित्र घेतले. त्यात घर आले. परंतु फोनचा सेन्सर नखाएवढा. ते चित्र १६ बाय २० इंचांचे करून पाहिले तेव्हा कौले रंगाच्या फटकाऱ्यांसारखी दिसू लागली.

म्हणून आम्ही आमचा कॅमेरा व तिपाई घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या मापाचा, २४ बाय ३६ चा. घराचे तोंड पूर्वेस. ऊन आले असते तर मावशींच्या डोळ्यांत आले असते, तेव्हा उन्हापूर्वीच काम आटोपावयाचे होते. खुर्ची कोठे मांडावी याविषयी त्यांनी आमचे काही चालू दिले नाही. आम्ही डावीकडे म्हणत होतो. त्यांनी ती पडवीच्या उजव्या कोपऱ्यासमोर मांडवून घेतली. कॅमेऱ्यापासून मावशी तीन मीटरवर, घर बारा मीटरवर.

चित्र कोठून पाहिले जाणार हे आम्ही आधीच विचारून घेतले होते. मुलाच्या फ्लॅटमध्ये पलंगासमोरच्या भिंतीवर, सहा फुटांवरून. सहा फुटांवरून पाहावयाचे तर फारशी कसोशी नको होती. परंतु मावशींना आम्ही ओळखतो. वर्तमानपत्रातील बारीक अक्षर वाचावयास त्या उशाशी भिंग ठेवतात. त्या सहा फुटांवर थांबणार नव्हत्या. म्हणून चालणाऱ्या चकतीचे माप आम्ही निम्मे धरले, ०.०१५ मिलिमीटर. त्या मापाने ५० चे भिंग एफ/१६ वरही दोघांस एका खोलीत घेईना. ३५ चे भिंग लावले, छिद्र एफ/११, आणि नेम पाच मीटरवर. आता खोली तीन मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत. मावशी अलीकडच्या भिंतीस टेकून, घर पलीकडच्या भिंतीच्या आत.

पाच मीटरवर काहीच नव्हते. शेणाने सारवलेली मोकळी जमीन होती. तिच्यावर नेम धरता येईना म्हणून तेथे एक पाटी पालथी ठेवली, भिंग तिच्यावर जुळविले आणि पाटी उचलली. मावशी हा खटाटोप पाहत होत्या. "अरे, मी हितं बसलेय आणि तू त्या पाटीकडं काय बघतोयस?" आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते कितपत पटले ते कळले नाही, पण त्या ताठ बसल्या.

तेथे आमचे मन थोडे द्विधा झाले हे खरे. नेम चार मीटरवर आणला असता तर चेहरा अधिक रेखीव आला असता आणि घर किंचित मऊ पडले असते. माणसाचे छायाचित्र काढताना डोळे आधी, बाकी नंतर, असा नियम आहे आणि तो चांगला आहे. तो आम्ही त्या दिवशी पाळला नाही. मावशींचे चित्र पुन्हाही काढता आले असते, घराचे नव्हते. शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडे राहिले. अशी सहा चित्रे घेतली. चौथ्यात त्यांची पापणीही हललेली नाही.

चित्र भिंतीवर लागले त्या संध्याकाळी आम्ही तेथे होतो. मावशी पलंगावरून उठल्या, भिंग घेऊन चित्राशी गेल्या आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे न पाहता थेट दारावर गेल्या. १९३१ चे चारही आकडे त्यांनी मोठ्याने वाचले. मग खिडक्यांचे गज मोजले. कौलांची एक ओळ जेथे खचलेली होती ती जागा नातवास दाखविली. मग भिंग उजवीकडे सरकत पडवीच्या कोपऱ्याशी आले आणि थांबले. तीन मीटरवर बसलेले अर्धा मीटर रुंदीचे माणूस बारा मीटरवरील घराचा दोन मीटर भाग झाकते. त्यावर कोणत्याही एफ-आकड्याचा इलाज नाही.

"हितं पायरी होती," त्या म्हणाल्या. "आई तांदूळ निवडायला बसायची ती." आणि जरा वेळाने, "पण तिथं तर मीच बसलेय की."

नातवाने विचारले, दुसरे एखादे चित्र आहे का, ज्यात पायरी दिसते? सहाही चित्रांत खुर्ची तेथेच आहे. मावशींनी भिंग पुसले आणि उशाशी ठेवले. "राहू दे हेच," त्या म्हणाल्या.